गुत्त्याची तुळई

४ मार्च

रेघोट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात आणि मला नावं ठेवतात, म्हणजे ठणठणीतच म्हणायचं. गुडघ्यांनी मात्र साफ नकार दिलाय. जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खाट खाली गुत्त्यातच आणली, चुलीशेजारी. आता गिऱ्हाईक दारात पाऊल टाकतं ते थेट बाबांच्या तावडीत सापडतं. आधी त्यांच्या चार गोष्टी ऐकायच्या, मग पेला.

कामाचं लिहिते. गेल्या आठवड्यात एक माणूस आला. तिपाईवर दुर्बीण लावून बराच वेळ आपल्या दाराकडे बघत होता. मला वाटलं, मलाच बघतोय. या वयात तेवढंच समाधान. पण नाही, त्याने लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक काठी आपल्या पायरीपाशी ठोकली आणि दुसरी परसात, विहिरीजवळ. मध्ये घर. मग आत येऊन पेला घेतला. मी विचारलं, काय मोजता? म्हणाला, जमीन. म्हटलं, ती आहे तिथेच आहे. हसला नाही.

नावाडीबुवा म्हणतात, पाण्याचा नळ येणार. सुतारकाका म्हणतात, नळासाठी एवढी मोठी दुर्बीण लागत नाही. बाबा उठल्यापासून एकच विचारतात, काठ्या आहेत का अजून? आहेत. तू नकाशांच्या कचेरीत बसतोस. लहानपणी भिंतीवर कोळशाने रेघोट्या मारून मार खायचास, आता त्याच रेघोट्यांवर पोट भरतोस. तर विचार कुणाला तरी.

बाकी सगळं नेहमीसारखं. संध्याकाळी बाकडी भरलेली असतात, मला टेकायला वेळ नाही.

ताई


१५ मार्च

ताई,

काठ्या कुणाला उपटू देऊ नकोस. नावाडीबुवांच्या मनात ते येऊन गेलं असणार, म्हणून आधी हेच लिहितो.

मी चौकशी केली. खरं तर लांब जावं लागलंच नाही, तो कागद शेजारच्या टेबलावर होता. पुलापासून बाजारगावापर्यंत नवा रस्ता होतोय. जुना रस्ता गुत्त्याला वळसा घालून जातो, ते वळण त्यांना नको आहे. नवी रेघ सरळ आहे. ती आपल्या पायरीवरून आत शिरते, बाकड्यांमधून जाते आणि विहिरीपाशी बाहेर पडते. नकाशावर आपलं घर म्हणजे एक काळा चौकोन आहे, ताई. करंगळीच्या नखाएवढासुद्धा नाही.

हातपाय गाळू नकोस. एक वाट आहे. जुन्या इमारतींचं इथे वेगळं खातं आहे. घर शंभर वर्षांपलीकडचं आहे आणि मूळच्या बांधणीतलं काही अजून उभं आहे, असं त्यांच्या साहेबाने स्वतः पाहून लिहिलं की रस्त्याला वळावं लागतं. इथल्या एका जुन्या गोदामासाठी असं वळण मीच काढलंय. मी अर्ज दिलाय. तू दोन गोष्टी कर. बाबांना विचारून घराचा सगळा इतिहास लिहून पाठव. आणि साहेब येईल तेव्हा घर धड दिसू दे. पडकं दिसलं तर म्हणतील, पडायलाच आलं होतं, आम्ही नुसता हातभार लावला.

बाबांना रस्त्याचं इतक्यात सांगू नकोस. घर गेलं तर त्यांचं काय होईल, याचा विचार करायला लागलो की माझी रेघ वाकडी जाते, आणि आमच्या कामात वाकडी रेघ चालत नाही.

तुझा भाऊ


९ एप्रिल

रेघोट्या,

सांगू नकोस म्हणे! तुझं पत्र मी चुलीपाशी उभी राहून वाचलं आणि बाबांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. "घर मागतायत ना?" एवढंच म्हणाले. मग दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. शेवटी मी म्हटलं, त्यांना घराचा इतिहास हवाय. तशी उठून बसले. तेव्हापासून थांबतच नाहीत. माझी बोटं दुखायला लागली. तर ऐक, आणि साहेबासाठी नीट करून लिही.

आधी घर नव्हतं, नाव होती. खापरपणजोबा माणसं नदीपलीकडे न्यायचे. नाव एकच, आणि एकदा पलीकडे गेली की लवकर परतायची नाही. अलीकडे थांबलेले लोक थंडीत कुडकुडायचे आणि खापरपणजोबांच्या नावाने बोटं मोडायचे. मग खापरपणजीने काठावर एक पिंप आणि एक फळी मांडली. त्यानंतर नाव कितीही उशिरा आली तरी कुणी बोटं मोडेना. उलट काही जण पलीकडे जायचंच विसरायला लागले. बाबा म्हणतात, आपलं घराणं लोकांच्या उशिरावर उभं आहे.

नाव म्हातारी झाली तेव्हा खापरपणजोबांनी ती मोडली, आणि तिचा कणा नव्या घराची मधली तुळई म्हणून चढवला. तीच ही, बाबांच्या खाटेवरची, जिच्यावर अख्खा वरचा मजला टेकलाय. तिच्या एका अंगाला दोर घासून पडलेली खाच आहे. तू फळीवर चढून तिच्यात चमचे लपवायचास, आठवतं?

मग महापूर आला. भिंती कोसळल्या, फळ्यांची जमीन फुगली. दोन्ही नव्याने केली. मग लढाईच्या दिवसांत शिपाई उतरले. वर जखमी, खाली धडधाकट. बाबा म्हणतात, आरडाओरडा खालूनच जास्त यायचा. जाताना दार फोडून गेले, ते उघडं असताना. नवं केलं. मग पूल झाला आणि नाव बंद पडली. त्या हिवाळ्यात सगळे नावाडी रोज जिन्यावर बसून पुलाला शिव्या द्यायचे आणि घरी मात्र पुलावरूनच जायचे. जिना त्यांच्याखाली मोडला, आजीने तो बदलला. खिडक्या आईने बदलल्या. वासे, बाकडी, वरची जमीन हे बाबांनी, म्हणजे सुतारकाकांनी.

आणि दर वेळी निरोप झाला. हे साहेबाला खुलवून लिही. आपल्या घराचं लाकूड विकायचं नाही, फेकायचं नाही, दुसऱ्याच्या दारात जाऊ द्यायचं नाही. नवं बसलं की त्याच संध्याकाळी जुनं आपल्या चुलीत, आणि आग विझेपर्यंत येईल त्याला फुकट. कुठल्या गुत्त्याने आपल्या दाराला असं पोचवलंय? बाबा म्हणतात, म्हणून तर घर टिकलं. कुजकं लाकूड आपण एक दिवस ठेवून घेतलं नाही.

तुळई तेवढी जरा खचलीय. भुंगा लागलाय, पेल्यांत भुसा पडतो. गिऱ्हाइकं म्हणतात, चव वाढली.

ताई


२२ एप्रिल

ताई,

इतिहास साहेबाच्या टेबलावर पोचला. तुझे विनोद मी गाळले होते. मग उशिराचा तेवढा परत घातला, आणि साहेब नेमका त्यावरच हसला. आता मला तोंड दाखवायला जागा नाही.

पण हसून झाल्यावर त्याने एकच विचारलं. मूळचं काय उरलंय? मी घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. भिंती गेल्या, जमीन गेली, दार, जिना, खिडक्या, वासे, सगळं गेलं. चुलीचे दगड मूळचे आहेत, पण चूल त्यांच्या नियमात बसत नाही. घराचं वजन पेलणारं काहीतरी हवं. मग तुळई आठवली.

तुळई पुरे आहे, ताई! मजला पेलते, पहिल्या दिवसापासूनची आहे, आणि नावेची आहे. साहेब म्हणाला, घर पेलणारी नाव त्याने उभ्या नोकरीत पाहिलेली नाही. जूनमध्ये तो स्वतः येणार आहे. एवढा खूश झालेला वरचा माणूस मी या कचेरीत कधी बघितला नव्हता. मला पहिल्यांदाच वाटतंय की घर राहील आणि बाबा त्याच खाटेवर म्हातारे होतील. आहेत त्याहून म्हातारे.

आता सगळं तुळईवर आहे. खचलीय म्हणतेस, ती पडू देऊ नकोस, साहेब तिच्याच खाली उभा राहणार आहे. सुतारकाकांना आत्ताच दाखव.

तुझा भाऊ


१९ मे

रेघोट्या,

बैस. पेला असेल तर भरून घे. नसेल तर कसला आपल्या घरचा तू!

तुझं पत्र आलं तसं सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी शिडीवर चढून तुळईत सुरी टोचली, ती मुठीपर्यंत आत गेली. खाली उतरून म्हणाले, "ही साहेबाच्या डोक्यात पडणार. आणि सगळं हिच्यावर आहे म्हणतो ना पोरगा?" मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते तडक घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर घालून लाकूड घेऊन आले. मी बघताच ओळखलं. लेकीसाठी मागच्या अंगाला खोली बांधतायत ना, तिच्या छपरासाठी वाळत ठेवलेलं. कित्येक वर्षं वाळवत होते. मी म्हटलं, हे नको. तर म्हणाले, "खोलीत काय, झोपायचंच असतं. गुत्ता राहिला तर बसायला जागा राहील."

मग काय विचारतोस! मजल्याला खालून खांब दिले, जुनी दोरांनी खाली घेतली. मापाला माप, कडेला कड. खाचेपाशी काका अडले. कोरली तर कोरलेली दिसेल, म्हणाले. तेव्हा नावाडीबुवा उठले, घरून आपला जुना दोर घेऊन आले आणि रेती लावून घासत बसले. रोज येऊन घासायचे. हाताला फोड आले, पण कुणाला दोर धरू दिला नाही. खरी दोराची खाच आहे, रेघोट्या. शेवटी काजळी आणि तेल चोळलं. आता साहेबच काय, खापरपणजोबा आले तरी ओळखणार नाहीत.

आणि निरोप! असा निरोप झाला नाही. सगळं गाव लोटलं. वर्षानुवर्षं जे पायरी चढले नव्हते तेही आले, काही जण तर बायकामुलांना घेऊन. लाकडात जुनं डांबर होतं, ते चुलीत फुरफुरायला लागलं आणि नदीचा वास सुटला. नावाडीबुवा सगळ्यांदेखत रडले आणि वर म्हणाले, मी नव्हे, दोर रडतोय. बाबांना खाटेसकट चुलीपुढे आणलं होतं. शेवटचा तुकडा त्यांनी हातात धरून ठेवला, कुणाला देईनात. मग स्वतः आत घातला आणि म्हणाले, "ने आता, पलीकडे."

आई गेल्यानंतर मी एवढी कधी रडले नव्हते आणि एवढी हसलेही नव्हते. येऊ दे आता तुझ्या साहेबाला. मी अगदी निर्धास्त आहे. जन्मात पहिल्यांदा तू काही कामाचं सुचवलंस.

ताई


२८ मे

ताई,

पत्र मिळालं. छान केलंत.

सुतारकाकांना आणि नावाडीबुवांना माझा नमस्कार सांग. साहेबाची तारीख कदाचित पुढे जाईल, मी बोलतोय. आलाच तर घराबद्दल आपणहून काही बोलू नका. विचारेल तेवढंच सांगा. काकांना त्या दिवशी दुसरं काही काम असेल तर त्यांना अडवू नकोस.

इथे काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. बाबांची काळजी घे.

रेघोट्या


१६ जून

तारीख पुढे गेली नाही. साहेब येऊन गेला.

माणूस चांगला आहे. वाईट असता तर बरं झालं असतं. बूट पुसून आत आला, बाबांच्या खाटेशी जमिनीवर बसला, पुराबद्दल विचारलं, नावेबद्दल विचारलं. बाबांनी सगळं पुन्हा सांगितलं आणि त्याने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. मग शिडी मागितली. वर जाऊन त्याने तुळईवर एक छोटी हातोडी वाजवली. कान लावला. पुन्हा वाजवली. बोट फिरवून बोटाचा वास घेतला.

आम्ही खाली माना वर करून उभे. सुतारकाका दाढी करून, धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांना राहवेना. "ओळखू येत नाही ना, साहेब?"

साहेब म्हणाला, "काय ओळखू येत नाही?"

मग आम्ही सगळेच एकदम बोलायला लागलो. तू बोलू नका लिहिलं होतंस, पण अशा वेळी कोण गप्प बसतं? काकांनी लाकूड कसं वाळवलं ते सांगितलं. नावाडीबुवांनी दोर आणून दाखवला आणि हाताचे फोड दाखवले. मी निरोपाचं सांगितलं, त्याचा पेला भरून ठेवला. आम्ही हसत होतो रे. साहेब शिडीवरून एकेक पायरी चाचपत खाली आला.

"जुनी कुठे आहे?" त्याने विचारलं. बाबांनी चुलीकडे बोट केलं. काय तो अभिमान त्या बोटात! साहेब चुलीपाशी उकिडवा बसला आणि आत बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "थोडीशीसुद्धा नाही?"

"आम्ही घरचं काही अर्धवट ठेवत नाही," बाबा म्हणाले.

त्याने मला विहिरीपाशी बोलावून समजावलं. भुंग्याने खाल्लेली चालली असती. अर्धी मोडलेली, खाली टेकू लावलेली चालली असती. नुसती असायला हवी होती. तो हे सांगत असताना आतून हसण्याचा आवाज येत होता. मी पाणी काढायचं निमित्त करून तिथेच उभी राहिले. सुतारकाका दारात आले, माझ्याकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं. टोपी उचलून गेले ते अजून आलेले नाहीत.

तुला माहीत होतं. माझं मे महिन्यातलं पत्र वाचलंस तेव्हाच तुला सगळं कळलं होतं, आणि तू लिहिलंस, छान केलंत. खाली रेघोट्या म्हणून सही केलीस. तू स्वतःला कधी तसं म्हणवून घेत नाहीस, तिथेच मला शंका यायला हवी होती. सांगितलं असतंस तरी घर वाचलं नसतं, एवढी अक्कल मला आहे. पण त्या माणसापुढे आम्ही हसत उभे राहिलो नसतो. काकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं नसतं.

आणि तूही ऐक. बाकडी भरलेली नसतात. रोजचे म्हणजे नावाडीबुवा, आणि काका यायचे ते. कधीतरी एखादा वाट चुकलेला. मी खोटं लिहीत आले, कारण तुला वाटू नये की ताई रिकाम्या घराची राखण करत बसलीय. निरोपाच्या संध्याकाळी गुत्ता भरला होता, आणि मला वाटलं, झालं, परत दिवस आले. दुसऱ्या दिवशी नावाडीबुवा एकटे आले.

बाबांना काही सांगितलेलं नाही. ते विचारतात, साहेब खूश होऊन गेला ना? मी हो म्हणते.

ताई


२६ जून

ताई,

टेकू. तेवढाच एक शब्द लिहायचा राहिला.

सुतारकाकांना दाखव, असं लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुळईखाली उभा केलेला एक खांब होता. शहरात जुनं घर राखतात ते असंच, टेकू देतात आणि लांब उभे राहतात. मी काय वेगळ्या घरात वाढलो का? जुनी खिडकी चुलीत जळताना मी तिच्यापुढे नाचलोय. आपल्याकडे सुतारकाकांना दाखवलेलं लाकूड घरात राहत नाही, हे मला सुचायला हवं होतं, आणि सुचलं नाही. काकांचा यात काही दोष नाही. हे त्यांना सांग. माझ्या नावाने सांग.

तुझं ते निरोपाचं पत्र कचेरीत आलं होतं. वाचून मी जिन्यात जाऊन बसलो. तू इतकी खूश होतीस. ते मोडायला माझा हात उचलेना. साहेबाच्या दारात रोज उभा राहून म्हणायचो, जाऊच नका. तो म्हणायचा, अर्ज आलाय, पाहणी करावीच लागते. मला वाटलं, निदान जूनपर्यंत तरी तुम्ही सगळे तसेच राहाल. माझं चुकलं.

काल शेवटचा नकाशा माझ्या टेबलावर आला. जी घरं जाणार ती पुसायचं काम माझ्याकडे असतं. ही शाई रबराने जात नाही, पात्याने खरवडावी लागते. मी तो कागद शेजारच्याला द्यायला उठलो आणि परत बसलो. परक्याने कशाला? मीच आपला काळा चौकोन खरवडला. तिथला कागद आता खरखरीत झालाय. त्यावरून रस्त्याची रेघ ओढली तर शाई जरा पसरली. वरच्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, कागद वाईट आहे.

तुम्ही दोघं इकडे या. एकच खोली आहे, पण बाबांची खाट खिडकीपाशी मावते, मी मापं घेतली. समोर भिंत दिसते, पण उजेड येतो. हिने, तुझ्या भावजयीने, आपणहून म्हटलंय, बोलवा म्हणून. घराचं बाबांना आता सांगावं लागेल. तुला जमत नसेल तर मी लिहितो.

तुझा भाऊ


३ ऑगस्ट

ताई,

मागच्या पत्राला उत्तर नाही. रागावली असशील तर तेही लिही, शिव्या घाल, पण लिही. इथल्या कागदांवरून दिसतं की पाडायला माणसं याच महिन्यात निघतील. मी रजा मागितली, मिळाली नाही. रस्त्याचेच नकाशे पुरे करायचेत.

नुसतं 'पोचलं' एवढं कळव.

तुझा भाऊ


२९ सप्टेंबर

रेघोट्या,

पोचलं. सगळी पत्रं पोचली. रागावले होते, आता तेवढं त्राण नाही.

बाबांना मला सांगावं लागलंच नाही. माणसं कुदळी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे साहेब खूश नव्हता." मी त्यांच्या पायाशी बसले. मग म्हणाले, "मुकादमाला बोलाव."

मुकादमाला लाकडं हवी होती. फळ्या चांगल्या आहेत, म्हणाला, कुठेही खपतील. बाबा उठून उभे राहिले. त्या गुडघ्यांवर! "एक ढलपी बाहेर जाणार नाही," म्हणाले. मुकादमाला वाटलं, म्हातारा मारामारी करतो की काय. मग तो हसला आणि म्हणाला, जाळा की, वाहून न्यायचे कष्ट वाचले.

तसं झालं. ते दिवसभर काढायचे आणि संध्याकाळी आम्ही चुलीत घालायचो. वासे, वरची जमीन, आजीचा जिना, आईच्या खिडक्या. पहिल्या संध्याकाळी मी पिंप उघडलं, ती पाडणारी माणसंच पिऊन गेली, गाणीही म्हणाली. त्यांच्यावर राग धरता येईना. गावातलं कुणी आलं नाही. लाज वाटत असेल, किंवा काम असेल. मग पिंप संपलं आणि तेही येईनासे झाले. नावाडीबुवा तेवढे येऊन बसायचे. बाकडी गेल्यावर जमिनीवर बसायचे, जमीन गेल्यावर मातीत.

तुळई उतरवली त्या दिवशी सुतारकाका आले. मी तुझा निरोप सांगितला, त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मी म्हटलं, काका, ही घेऊन जा, लेकीच्या खोलीला लावा, बाबांना मी समजावते. तर म्हणाले, "घरचं झालं ना ते आता." स्वतः करवत चालवली, स्वतः चुलीत घातलं. ते पेटेचना. नुसता धूर. एवढं सुंदर लाकूड, त्याला जळायचं कसं ते माहीतच नव्हतं. काका शेवटपर्यंत उभे होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणाले, धूर फार आहे. आम्ही म्हटलं, हो, फार आहे.

आता चूल तेवढी उभी आहे, उघड्यावर. धुराडं वर गेलंय आणि त्याच्याभोवती घर नाही. बाबांची खाट तिच्याशेजारी आहे, वर ताडपत्री बांधलीय. तुझ्या खोलीचं विचारलं त्यांना. म्हणाले, तिथे चूल आहे का? मी म्हटलं, स्टोव्ह आहे. तशी चुलीकडे तोंड करून आडवे झाले. काकांनी लेकीची खोली देऊ केलीय. तिला छप्पर नाही. का नाही, ते तुला ठाऊक आहे.

उद्या चुलीचे दगड काढणार. रस्त्याच्या भरावात घालणार आहेत. बाबांना बरं वाटावं म्हणून मुकादमानेच येऊन सांगितलं, इथल्या इथेच राहतील म्हणून.

बाबा सकाळपासून एकच विचारतायत. सगळ्याला पोचवलं, आता चुलीला निरोप कुठे द्यायचा? म्हटलं, रेघोट्याला विचारते. तुला काही सुचलं तर कळव. पत्ता काय घालशील, ते मला सांगता येत नाही. पोस्टमन 'जुना गुत्ता' एवढ्यावर आणून द्यायचा.

ताई